राठोड मॅडम आणि चढणीवरच्या खडूच्या रेघा

स्वतःच्या स्कूटरमध्ये स्वतःच्या हाताने बदल करू पाहणाऱ्याने सुरुवात नेमकी कुठून करावी, या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहायला घेतला. प्रश्न माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा. ती यवतमाळला नोकरी करते, तिच्याकडे जुनी स्कूटर आहे आणि त्या स्कूटरकडून तिला आज मिळते त्याहून थोडे अधिक हवे आहे. मी नोकरीभर विज्ञान शिकवले, म्हणून तिने मला विचारले. उत्तराची मांडणी करायला बसले तेव्हा लक्षात आले, की या विषयातले मला जे काही कळते ते एकाच व्यक्तीच्या मागे, अगदी तिच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून कळलेले आहे. तेव्हा उत्तराआधी ती व्यक्ती सांगायला हवी.

कमल राठोड दिग्रसला आमच्या शाळेत गृहविज्ञान शिकवत. उंच बांधा, खांद्यावर पिनेने घट्ट बसवलेला सुती साडीचा पदर आणि साडीखाली धावण्याचे बूट. वर्गात त्या पुस्तकातली मराठी बोलत, शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकले की वऱ्हाडी आणि घरी फोन आला की गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली. तीनही भाषांत त्यांचा एक शब्द मात्र ठरलेला होता. कुणी काहीही सांगितले, की त्या मान किंचित वाकडी करून विचारत, "कशावरून?" मुख्याध्यापकांनी उद्या सुट्टी असल्याचे सांगितले तरी हाच प्रश्न. त्यात उद्धटपणा नव्हता. त्यांना खरोखरच ते जाणून घ्यायचे असे.

शिवणकामाच्या तासाला त्या मुलींना पहिल्या दिवशी शिवायला नव्हे, उसवायला शिकवत. कापडाला इजा न करता टाका कसा काढायचा, हे जमल्याशिवाय सुई हाती मिळत नसे. "जे उसवता येत नाही ते शिवू नका," असे त्या म्हणत. स्कूटरच्या बाबतीतही त्यांनी हे पाळले. मूळचा एकही भाग कापला नाही, एकाही पत्र्याला भोक पाडले नाही. काढलेला प्रत्येक भाग मसाल्याच्या जुन्या डब्यात ठेवलेला असे, आणि मनात आणले असते तर त्यांची गाडी एका दुपारी पुन्हा जशी होती तशी झाली असती.

आता हे सगळे त्यांनी कशासाठी मांडले, ते सांगते. त्यांची आई, म्हणजे त्यांच्या बोलीत याडी, दिग्रसपासून काही अंतरावरच्या टेकडीवरील तांड्यात एकटी राहत असे. तिचे गुडघे आखडत चालले होते. दर आठवड्याला येऊन उपचार आणि व्यायाम केला नाही तर चालणे बंद होईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. जीपमध्ये याडीला मळमळे. दिग्रसला लेकीकडे मुक्कामाला राहणे तिला मान्य नव्हते. उरली स्कूटर. परंतु तांड्याकडे जाणारी चढण अशी, की दोघी बसल्यावर निम्म्या वाटेत एका वळणावर गाडीचा दम सुटे आणि याडीला खाली उतरून दुखऱ्या गुडघ्यांनी उरलेली चढण चालावी लागे. एके दिवशी वर पोहोचल्यावर तिने दारातच निर्णय दिला.

"तुह्या बापाच्या बैलानं मले कधी मधात उतरवलं नाही. जे गाडी उतरवते तिच्यावर मी आता बसत नाही."

"अन् डॉक्टर?" मॅडमनी विचारले.

"त्याले म्हणा, तूच ये वर."

त्यानंतर याडी खरोखरच आली नाही. उपचाराचे दिवस चुकू लागले. नवी, अधिक ताकदीची गाडी घ्या, असे आम्ही सुचवले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हे गाडी चढत नाही, हे कशावरून? आपण तिले अजून पुसलंच कुठं?"

शिक्षकांच्या खोलीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. खेळाचे वानखडे सर सर्वांत आनंदित झाले.

"मॅडम, या वयात शर्यतीत उतरून राह्यल्या काय?"

"उतरून नाही, सर. चढून राह्यली."

"मग पयले सायलेन्सर बदला. असा आवाज निघन का अख्खं दिग्रस बाजूले होईन."

"माह्या याडीले ऐकू कमी येते. तिच्यासाठी आवाज कायले वाया घालवू?"

सर हसले, पण मुद्दा महत्त्वाचा आहे आणि माझ्या विद्यार्थिनीने तो येथेच ध्यानात घ्यावा. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असे नव्हे, आणि सायलेन्सरशी केलेली छेडछाड कायद्यालाही मान्य नाही. राठोड मॅडमनी सुरुवात सायलेन्सरपासून केली नाही. त्यांनी सुरुवात ब्रेकपासून केली.

"चढते तं उतरनही न," त्या म्हणाल्या. "याडीले घेऊन खाली येताना थांबता आलं पाह्यजे." म्हणून आधी ब्रेकचे झिजलेले लायनर बदलले आणि टायरमधील हवा बरोबर केली. मग हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर, उघडला. मॅडमचे घर जिनिंगच्या रस्त्यावर. कापसाच्या हंगामात तिकडच्या हवेत सरकीचा बारीक तंतू तरंगत असतो. तो खिडक्यांच्या जाळ्यांवर दिसतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसतो, पण गाडीच्या नाकात तो साचत असेल हे कुणाच्या मनात येत नाही. फिल्टरवर पातळ गादीच तयार झाली होती.

"पाहा बरं," मॅडम म्हणाल्या, "नाकावर रजई घेऊन बिचारी चढण चढत होती."

नवा फिल्टर बसला. त्यानंतर स्पार्क प्लग. प्लगच्या टोकाचा रंग पाहून इंजिनाचे पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण ओळखता येते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ओळखायचे कसे, ते मॅडमनी एका वाक्यात बसवले. रवा भाजताना जो रंग आला की आपण गॅस बंद करतो, तो रंग योग्य. काळा झाला तर पेट्रोल जास्त, पांढराफटक राहिला तर हवा जास्त आणि इंजिन तापण्याचा धोका. मी पुढे वर्गातही हीच उपमा वापरली आणि एकाही मुलीला ती दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही. अर्थात हे जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीचे. नव्या गाड्यांत ते प्रमाण गाडी स्वतःच सांभाळते, तिथे हात घालू नये.

प्रत्येक बदल कसा जोखायचा, याची मॅडमची पद्धत त्यांची स्वतःची होती. पर्समध्ये शिवणाच्या खडूची एक चपटी वडी असे. चढणीला एका बाजूने दगडी कठडा आहे. गाडी खालून चढायला लागायची, आणि वळणावर दम सुटण्याच्या कितीतरी आधी जिथे इंजिनाचा आवाज खोल जाऊन बसे तिथे त्या थांबून कठड्यावर एक रेघ ओढत आणि गाडी तिथूनच माघारी वळवत. पुढचा बदल केला, की पुन्हा तीच चढण, तेवढेच वजन, टाकीत तेवढेच पेट्रोल, आणि नवी रेघ. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकत्र केले तर कोणत्या बदलाने काय केले ते कळत नाही, हे मी प्रयोगशाळेत पोरींना घसा कोरडा करून सांगत आले. इथे ते रस्त्यावर घडत होते.

यातले वजन म्हणजे मी.

"पाठक मॅडम, तुमचं वजन किती असन?" त्यांनी एका दुपारी डबा खाताना विचारले.

"कशाला?"

"याडीएवढं असन तं मले तुम्ही पाह्यजे. गव्हाचं पोतं बांधून पाह्यलं मी. पण पोतं वळणावर कलत नाही, अन् भेत तं बिलकुलच नाही. मले भेणारं वजन पाह्यजे."

भिण्याच्या बाबतीत मी त्यांची निराशा केली नाही. पहिल्या फेरीत मी त्यांचा पदर एवढा आवळला की पिन निघून आली. परंतु दुसऱ्या फेरीपासून मीही त्यांच्यासारखी कान देऊ लागले. फिल्टर बदलल्यावरची रेघ पहिल्या रेघेच्या बरीच वर गेली, तेव्हा आम्ही दोघी प्रौढ स्त्रिया कठड्यापाशी उभ्या राहून त्या दोन रेघांकडे इतक्या आनंदाने पाहत होतो, की बकऱ्या घेऊन जाणाऱ्या एका बाईने काही हरवले आहे काय म्हणून विचारले.

"सापडलं," मॅडम म्हणाल्या.

प्लगची रेघ आणखी थोडी वर गेली, तरीही वळण लांबच होते. आता खऱ्या बदलाची वेळ आली, आणि तिथे मॅडम चुकल्या. ही चूक फक्त त्यांनाच सुचू शकली असती.

स्कूटरला गिअरचा दांडा नसतो, पण गिअरचे काम तर होतच असते. इंजिनाच्या डाव्या झाकणाखाली एक रबरी पट्टा दोन चकत्यांच्या जोड्यांवर फिरतो. पुढच्या जोडीत सहा लहान गोल वजने असतात, त्यांना रोलर म्हणतात. रोलर कमीजास्त वजनाचे मिळतात आणि ते बदलता येतात, एवढे मॅडमना समजले होते. त्यांचे पूर्वज बैलांवरून मालाची ने-आण करणारे, वडिलांकडेही शेवटपर्यंत बैलगाडी. मॅडमनी क्षणभरही न थांबता निष्कर्ष काढला.

"आमचा बा चढणीच्या खेपेले जड बैल जुंपे. ओझं जड, तं बैल जड. इथंही तेच."

मी होकार दिला, कारण मलाही ते पटले. रोलर काढायला लागणारा खास पाना रहीमभाईंच्या गॅरेजमधून आणला. रहीमभाई पाना देताना म्हणाले, "मॅडम, ले जाव, पण वापस आणा. मागचा पाना एकानं नेला, तो तिकडंच नांदून राह्यला." मॅडमनी हातावरचे तेल बेसनाने धुतले, कारण पट्ट्याला तेलाचा थेंब लागला तर तो घसरतो, आणि मूळच्यापेक्षा जड रोलर बसवले.

सपाटीवर गाडी झकास वाटली. आवाज शांत, चाल मऊ. चढणीला लागलो आणि पहिल्या रेघेच्याही खाली इंजिन थरथरून बंद पडले. मला उतरावे लागले. मॅडमनी खडू काढून सर्वांत खाली, अगदी लाजिरवाण्या जागी, एक ठळक रेघ ओढली.

"ही कशाला ओढता?" मी म्हटले.

"चुकीचीही रेघ पाह्यजे, मॅडम. नाही तं चूक फुकट गेली न."

त्या संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही ती चकती पुढ्यात घेऊन बसलो. मॅडम ती हातात धरून रोलर सरकवून पाहत होत्या. मी म्हटले, की फिरणारी वस्तू बाहेरच्या बाजूला फेकली जाते, आणि जितकी जड तितक्या जोराने. मॅडमचे बोट थांबले. रोलर बाहेर गेले की चकत्या जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि गाडी वरच्या गिअरमध्ये जाते. रोलर जड असतील तर हे लवकर घडते, इंजिनाने पुरता जोर धरण्याआधीच.

"म्हणजे हे रोलर बैल नाहीतच," त्या हळूहळू म्हणाल्या. "हे हाकणारे आहेत. जड असले का घाई करतात. चढणीवर बैलाले घाई करणाऱ्याले बा खाली उतरवून देत होता."

मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा टाकला. दुधाच्या पातेल्याशी बोलल्यासारख्या स्वतःशीच म्हणत होत्या, "हलके पाह्यजेत. हलके."

हलके रोलर आले. पण खोक्यावर लिहिलेल्या वजनावर विश्वास ठेवणे मॅडमच्या स्वभावात नव्हते. "कशावरून?" करत त्या मला घेऊन थेट सराफाच्या दुकानात गेल्या. गादीवर बसलेल्या काकांनी सवयीने मखमली तबक पुढे सरकवले आणि मॅडमनी त्यात सहा काळे रोलर ओतले.

"हा कोणता दागिना, बाई?" काकांनी चष्मा वर केला.

"याडीचा," मॅडम म्हणाल्या. "एकेक मोजून द्या."

काकांनी खरोखर एकेक मोजला. एक रोलर इतर पाचांपेक्षा जड निघाला. तसाच बसवला असता तर चकती हिसके देत फिरली असती. मॅडमनी तो दुकानातून बदलून आणला, पुन्हा मोजून घेतला, आणि काकांनी प्रत्येक रोलर चांदीच्या जोडव्यांसारखा गुलाबी कागदात बांधून दिला.

त्यानंतरची फेरी माझ्या आठवणीत अजून जशीच्या तशी आहे. सकाळची वेळ, शाळेला सुट्टी. गाडी खालून निघाली तीच मुळी वेगळ्या आवाजात, उंच आणि चढ्या. जड रोलरांची लाजिरवाणी रेघ मागे गेली. पहिली रेघ गेली. फिल्टरची आणि प्लगची रेघ गेली. मी मॅडमच्या खांद्यावर बोटांनी प्रत्येक रेघ मोजत होते आणि मॅडम म्हणत होत्या, "ऐका, ऐका, बसला का आवाज?" आवाज बसला नव्हता. वळण आले, दरवेळी दम सुटायचा ते वळण, आणि गाडी त्याच चढ्या आवाजात ते घेऊन वर गेली. तांड्याच्या पहिल्या घरापाशी मॅडमनी गाडी थांबवली, माझ्याकडे वळून पाहिले, आणि खडूची वडी माझ्या हातात ठेवली. रेघ ओढायला जागाच उरली नव्हती.

याची किंमत द्यावी लागली, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. सपाट रस्त्यावर गाडी आता पूर्वीपेक्षा ओरडे, पेट्रोल जास्त पिई आणि तिचा वरचा वेग कमी झाला. वानखडे सरांनी ते बरोबर हेरले. "सायकलवाले पुढे जाऊन राह्यले, मॅडम." मॅडमनी शांतपणे उत्तर दिले, "जाऊ द्या न, सर. मले पुसदच्या रस्त्यावर उडायचं नाही. मले याडीकडं जायचं आहे."

याडी राजी व्हायला आणखी काही दिवस गेले. "कशावरून चढते?" ती विचारी. हा शब्द मॅडमनी कुठून घेतला होता, ते मला तेव्हा कळले. शेवटी याडीनेच अट घातली. दिग्रसला येते, पण परतताना एकदा जरी उतरावे लागले तर पुन्हा विषय काढायचा नाही. म्हणजे डॉक्टरही नाही, व्यायामही नाही. मॅडमनी अट मान्य केली आणि त्या रात्री पट्टा, रोलर, ब्रेक सगळे पुन्हा उघडून पाहिले.

उपचार आटोपून त्या दोघी दिग्रसहून निघाल्या तेव्हा मी आधीच शाळेतल्या एका बाईंच्या गाडीवरून चढणीच्या वळणापर्यंत येऊन थांबले होते. माझे काम आता संपले होते, वजनाच्या जागी खरी व्यक्ती बसली होती. ऊन कलत आले होते. आधी आवाज ऐकू आला, उंच आणि चढा, मग खालच्या रेघांजवळ गाडी दिसली. मागे याडी, फेटियाचा, म्हणजे बंजारा घागऱ्याचा, घेर गुडघ्याखाली नीट दाबून, एका बाजूला पाय सोडून बसलेली. गाडी एकेक रेघ मागे टाकत येत होती. आवाज कुठेच बसला नाही. वळण आले आणि मी श्वास सोडला.

तेवढ्यात याडीने लेकीच्या पाठीवर थाप मारली. "उभी कर."

"याडी, आता नको. वर जाऊन थांबू."

"इथं बैल थांबत. तुह्या बापानं इथलं थांबणं एकाही खेपेले चुकवलं नाही. उभी कर, छोरी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. आम्हा दोघींना एकाच क्षणी समजले. आजवर गाडी नेमकी याच वळणावर बंद पडे आणि याडीला उतरावे लागे, म्हणून तिचे इथले थांबणे आपोआपच होऊन जात असे. त्याला आम्ही नुसता बिघाड समजलो. आमची प्रत्येक फेरी खालून धाव घेऊन झाली होती. या उभ्या चढावर थांबून, दोघींच्या वजनासह, जागेवरून पुन्हा निघून आम्ही एकदाही पाहिले नव्हते. गाडी इथून हलली नाही, तर याडीला उतरावे लागणार होते.

मॅडमनी गाडी उभी केली. दोन्ही ब्रेक आवळून धरले आणि डावा पाय जमिनीवर टेकवला. याडी उतरली नाही. तिने बसल्या बसल्याच ओच्यातून चिमूटभर ज्वारी काढली, कठड्यापलीकडच्या गवतावर टाकली आणि ओठांतल्या ओठांत दोन नावे घेतली. ती माणसांची नसावीत, बैलांची असावीत. मग पदर नीट केला.

"चाल."

मॅडमनी मूठ फिरवली. आवाज चढला, आणखी चढला, पण गाडी हलेना. ब्रेक किंचित सैल झाले तसे मागचे चाक वीतभर मागे सरकले. याडीने कुठेही धरले नाही, फक्त लेकीच्या पाठीला खांदा लावून टेकली. मॅडम मूठ सोडेनात. मग आतल्या क्लचने कुठेतरी पकड घेतली, गाडीला एक हिसका बसला आणि ती पुढे निघाली. आधी माणसाच्या चालीने, मग थोडी जलद.

मला आज मॅडम आठवतात, त्या नेमक्या याच क्षणीच्या. गाडी चालू लागली होती, आवाज पक्का होता, तरी त्यांचा डावा पाय अजून रस्त्यापासून चार बोटे वर तसाच लोंबत होता, बुटाचे टोक खाली, लागलेच तर टेकायला तयार. पुढच्या वळणापाशी कुठेतरी त्यांनी तो हळूच उचलून गाडीवर ठेवला. याडीने मागे वळून पाहिले नाही. दोघी दिसेनाशा झाल्या आणि आवाज तेवढा वरपर्यंत ऐकू येत राहिला.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न होता, सुरुवात कुठून करावी. माझे उत्तर असे: आधी ब्रेक आणि टायर, मग गाडीतला कचरा, मग एका वेळी एकच बदल, आणि तोही उसवता येण्यासारखा. परंतु हे मी एकाच गाडीवर, एकाच चढणीवर पाहिले आहे. तुमची गाडी वेगळी असेल, रस्ता वेगळा असेल आणि मागे बसणारे माणूसही वेगळे असेल. म्हणून वाचकांना विनंती एवढीच, की यातले काहीही माझ्या शब्दावर मान्य करू नका. आपल्या चढणीवर जा, मधे थांबा, पुन्हा निघा आणि स्वतः तपासून पाहा.